मामाचं गाव आणि गिल्बर्टची वर्तुळं

गेले दोन शनिवार ब्लॉग बंद होता. कारण अस्मादिक वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात, मामाच्या गावी होते. तिथे ब्लॉग सोडा, साधा मेसेज पाठवायचा तरी पाझर तलावाच्या पाळीवर जाऊन उभं राहावं लागतं. अख्ख्या गावात रेंज येते ती तिथेच. पाळीवर एक बाभूळ आहे, तिच्या पश्चिमेला तीन पावलं. मोजून तीन. चौथं पाऊल टाकलंत की गेली.

मामाला कुठल्याशा पोर्टलवर नोंदणी करायची होती आणि शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची होती. शेजारच्या गावात, म्हणजे चार किलोमीटरवर, एक मुलगा कॉम्प्युटर घेऊन बसतो. तो फॉर्म भरणार, ओटीपी मामाच्या फोनवर येणार, मामा तो फोन करून सांगणार. कागदावर एकदम सोपं. तर मामा संध्याकाळी पाळीवर फोन उंच धरून उभा, आणि मी खाली कपाशीच्या धुऱ्यावर.

"मामा, आला का?"

"कुठचा बाप्पा, येऊन नाही राहिला."

आला तो अकरा मिनिटांनी. तोवर तो शिळा झाला होता. असं तीन वेळा झालं.

पुण्यात परत आलो, फ्लॅटवर लॅपटॉप उघडला तर वायफायच्या यादीत ३७ नावं. पहिल्या दहांच्या दांड्या फुल्ल. आणि ऑफिसचा व्हिडिओ कॉल? मॅनेजरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, तब्बल वीस सेकंद. (तसा तो फोटो बरा आला होता.) मग डोक्यात आलं की मामाचं दुखणं आणि माझं दुखणं एकमेकांच्या बरोबर उलट आहे. त्याच्याजवळ कुणीच नाही, माझ्याजवळ फार जण आहेत. इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षी यातलं थोडंफार वाचलं होतं, परीक्षेपुरतं. या वेळी शनिवार-रविवार नीट बसून वाचलं आणि त्याचा इतिहासच इतका मजेदार निघाला की म्हटलं, लिहूनच टाकावं.

सुरुवात १९६१ ची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये एडगर गिल्बर्ट नावाचा गणिती होता. त्याने त्या वर्षी एक पेपर लिहिला, नाव 'रँडम प्लेन नेटवर्क्स'. प्रश्न असा: एका अमर्याद सपाट मैदानावर मुठी भरभरून ज्वारी फेकली, दाणे कुठेही पडले. (ज्वारी माझी. गिल्बर्टने बिंदू म्हटलंय.) प्रत्येक दाणा म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशन, आणि त्याचा आवाज ठरावीक अंतरापर्यंतच पोचतो. त्या अंतराच्या आत दुसरं स्टेशन असेल तर दोघं जोडलेली, नसेल तर नाहीत. आता निरोप एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा देत देत किती लांब जाईल? गंमत म्हणजे तेव्हा असलं नेटवर्क जगात कुठेच नव्हतं. मोबाईल नव्हता, वायफाय तर नव्हतंच. शिवाय तारांचं जाळं विणून पोट भरणाऱ्या टेलिफोन कंपनीच्या पगारावर बसून हा गृहस्थ बिनतारी दाण्यांचा विचार करत होता. हेच गणित साथीच्या रोगालाही लागू पडतं, हे त्याने त्याच पेपरात सांगून ठेवलंय.

गिल्बर्टच्या आधी चार वर्षं, १९५७ मध्ये, इंग्लंडात ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या दोघांनी याचा एक चुलतभाऊ शोधून काढला होता. ब्रॉडबेंटचा प्रश्न कोळसा खाणीतल्या कामगारांच्या मुखवट्यांबद्दल होता. मुखवट्यात कार्बनचे सच्छिद्र कण असतात. छिद्रं एकमेकांना किती जोडलेली असली म्हणजे वायू आतपर्यंत शिरतो? या सगळ्या प्रकाराला त्यांनी 'पर्कोलेशन' म्हटलं. म्हणजे झिरपणं, पाझर. हे वाचताना मला हसूच आलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रभर पाझर तलाव झाले, इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'पर्कोलेशन टँक' म्हणतात. आणि मामा नेमका त्याच्याच पाळीवर उभा राहून रेंज शोधत होता.

या गणितात एक विचित्र गोष्ट आहे, ती नीट सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विदर्भातली काळी कापसाची जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. पहिला पाऊस पडतो तेव्हा शेतात सुटी सुटी डबकी होतात. आणखी पडतो, डबकी वाढतात, पण सुटीच राहतात. मग एक वेळ अशी येते की थोडासाच पाऊस आणखी पडतो आणि बघता बघता सगळं शेत म्हणजे एकच पाणी. हळूहळू नाही, एकदम. नेटवर्कचंही तसंच. स्टेशनाचा पल्ला वाढवत नेला तर बराच वेळ लहान लहान टोळकी दिसतात, आणि एका ठरावीक टप्प्याला अचानक एक अवाढव्य तुकडा तयार होतो. गिल्बर्टने हा टप्पा असतो हे सिद्ध केलं, पण नेमका कुठे ते त्याला फार ढोबळ सांगता आलं. आज कॉम्प्युटरवर मोजून आकडा माहीत आहे: प्रत्येक स्टेशनाला सरासरी साधारण ४.५१ शेजारी मिळाले की हा प्रकार होतो. साडेचार शेजारी. चाळीत राहणाऱ्यांना हे आधीच माहीत असणार.

आता हेच वर्ध्याला लावून बघू. जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण ६३०० चौरस किलोमीटर. हिशेब सोपा व्हावा म्हणून वस्तीची गावं धरू १०००, आणि ती ज्वारीसारखी फेकलेली आहेत असं समजू. प्रत्येक गावात एक अँटेना. सरासरी ४.५१ शेजारी मिळायला पल्ला किती हवा? गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं जवळजवळ बरोबर ३ किलोमीटर. मी पायथनमध्ये वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहून हजार ठिपके टाकून पाहिले. अडीच किलोमीटरला जिल्ह्याचे सुटे सुटे तुकडे. साडेतीनला जवळजवळ सगळा जिल्हा एक. मधल्या एका किलोमीटरात सगळं नाटक.

पण "जवळजवळ सगळा" आणि "सगळा" यांत फरक आहे, आणि मामाची गोष्ट त्या फरकातच येते. ३ किलोमीटरच्या पल्ल्याला सरासरी ११ गावं अशी उरतात की ज्यांना एकही शेजारी नाही. मग शंभर टक्के जोडणीसाठी काय लागतं? हे कोडं नव्वदच्या दशकात सुटलं. १९९७ मध्ये मॅथ्यू पेनरोज या इंग्लिश गणितज्ञाने आणि १९९८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयला पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवलं की सरासरी शेजाऱ्यांची संख्या गावांच्या संख्येच्या लॉगरिदमइतकी व्हायला हवी. हजाराचा लॉग ६.९, म्हणजे पल्ला ३ वरून ३.७ किलोमीटरवर न्यावा लागतो. आणि एवढं करून अजून एखादं गाव सुटं राहण्याची शक्यता उरतेच.

त्यातून निघणारी दुसरी गोष्ट मला जास्त लागली. नेटवर्क मोठं असेल तर अख्खं जाळं एक व्हायला शेवटी अडतं ते दोन मोठे तुकडे एकमेकांना मिळत नाहीत म्हणून नाही. अडतं ते कुठल्या तरी एकट्या, सुट्या ठिपक्यापायी. ज्या क्षणी शेवटचा एकटा ठिपका जोडला जातो, जवळजवळ त्याच क्षणी सगळं जाळं एक होतं. हजार गावांतल्या ९९९ साठी वाढवलेला खर्च वेगळा आणि त्या एकासाठी वाढवलेला वेगळा. पल्ला ३ वरून ३.७ म्हणजे क्षेत्रफळात दीडपट. बजेटच्या मीटिंगमध्ये कुठलं गाव कटतं ते तुम्हीच सांगा.

(इथे एक जुनी गोष्ट आठवली. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोने तिथे थेट टेलिफोन बसवून दिला होता, आश्रमात तो दाखवतात. शाळेच्या सहलीत मी तो पाहिला होता. तर सुट्या ठिपक्याला जोडायचं गणित इतकं काही अवघड नसतं. ठिपक्यावर कोण राहतं ते बघावं लागतं.)

ज्वारी फेकल्यासारखी गावं खरं तर नसतातच. ती नदीनाल्यांच्या काठी असतात. वर्धा नदी जिल्ह्याच्या कडेने जाते, आर्वी-आष्टी-कारंजाकडे टेकड्या आहेत, सेलूकडे बोरचं जंगल. जिल्ह्याच्या कडेच्या गावाला शेजारी एकाच बाजूला. मॉडेल हे सगळं गिळून टाकतं. तरी मॉडेलला शिव्या घालायच्या आधी रस्त्याचं उदाहरण बघा, कारण ते आपल्या महाराष्ट्रातलं आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये पवईच्या आयआयटीतल्या माधव देसाई आणि डी. मंजुनाथ यांनी तीन पानांचा एक पेपर छापला. बाकीचे लोक "ठिपके अनंत असतील तर काय" हे सिद्ध करत बसले होते. या दोघांनी विचारलं की ठिपके मोजकेच असतील तर? एका सरळ रेषेवर अमुक इतकी स्टेशनं कुठेही पडली, तर ती सगळी जोडलेली असण्याची शक्यता किती? आणि त्याचं एक अचूक सूत्र दिलं. अंदाज नाही, मर्यादा नाही, थेट उत्तर.

सरळ रेषा म्हटल्यावर मला समृद्धी महामार्गच दिसला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि तो वर्धा जिल्ह्यातून जातो. समजा १० किलोमीटरच्या पट्ट्यात गाड्या आहेत, प्रत्येक गाडीचा रेडिओ १ किलोमीटरपर्यंत बोलतो, आणि पुढे अपघात झाल्याची सूचना गाडीमागून गाडीला द्यायची आहे. २० गाड्या असतील तर? सरासरी अंतर अर्धा किलोमीटर, पल्ला त्याच्या दुप्पट. आपण म्हणू, आरामात. देसाई-मंजुनाथांचं सूत्र म्हणतं: साखळी पूर्ण असण्याची शक्यता जेमतेम २ टक्के. ३० गाड्यांना २० टक्के. ५० गाड्या, म्हणजे दर २०० मीटरला एक, तरी ७६ टक्के. पल्ला सरासरी अंतराच्या पाचपट असून चारातल्या एका वेळी साखळी तुटलेली! मी तीनदा हिशेब केला. ७० गाड्यांना कुठे ९५ च्या पुढे जातं. कारण साधं आहे. सरासरीने साखळी जुळत नाही, एक मोठी फट पुरेशी असते, आणि रँडम पडलेल्या वस्तूंत कुठे तरी एक मोठी फट असतेच. रात्री समृद्धीवर गाडी चालवणाऱ्यांनी या सूत्राकडे जरा आदराने बघावं.

इथवर सगळे एकमेकांशी प्रेमाने बोलत होते. म्हणजे अ बोलत असताना ब गप्प. खऱ्या जगात असं कुठे होतं? आर्वीच्या आठवडी बाजारात उभे राहा आणि वीस फुटांवरच्या मित्राला हाक मारून बघा. धुऱ्यावरून हीच हाक अर्धा किलोमीटर जाते. तुमचा आवाज तोच आहे. ऐकू येणं ठरतं ते तुमचा आवाज भागिले बाकी सगळ्यांचा आवाज अधिक वाऱ्याची घोंघों, यावर. रेडिओवाले यालाच एसआयएनआर म्हणतात. फोनवरच्या दांड्या ढोबळमानाने वरचा अंश दाखवतात, खालचा छेद नाही. म्हणून माझ्या फ्लॅटमध्ये दांड्या फुल्ल आणि मॅनेजर स्तब्ध.

या गोंगाटाचा पहिला मोठा हिशेब हवाई बेटांवर झाला. नॉर्मन अब्रॅमसनने १९७१ च्या सुमारास तिथल्या विद्यापीठाचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले. नियम एकच: वाटलं की बोला, दुसऱ्याशी टक्कर झाली तर थोडं थांबून परत बोला. त्याचं गणित सांगतं की असं केल्यावर जास्तीत जास्त १८ टक्के वेळ कामी येतो. (आमच्या सोमवारच्या मीटिंगचा आकडा याहून कमी असावा.)

मग १९७८ मध्ये लेनर्ड क्लाइनरॉक आणि जॉन सिल्वेस्टर यांनी विचारलं की पल्ला नक्की किती ठेवावा. कमी ठेवला तर निरोपाला फार उड्या माराव्या लागतात, जास्त ठेवला तर उगीच साऱ्या गावाची झोपमोड. त्यांचं उत्तर आलं ५.८९ शेजारी, आणि पेपरच्या शीर्षकातच त्यांनी सहा हा जादूई आकडा असल्याचं जाहीर केलं. पुढे १९८४ मध्ये हिदेआकी ताकागी आणि खुद्द क्लाइनरॉक यांनी हिशेब सुधारला तर आले आठ. मग बरीच वर्षं सहा की आठ हा वाद. १९८९ मध्ये फिलिप्स, पनवर आणि तंतावी यांनी दाखवलं की जाळं वाढत गेलं तर कुठलाच ठरावीक आकडा पुरणार नाही. २००४ मध्ये शुए आणि कुमार यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं: शेजारी लॉगच्या प्रमाणात वाढवावेच लागतात. क्लाइनरॉक हा काही साधा माणूस नव्हे, १९६९ मध्ये अर्पानेटचा पहिला निरोप त्याच्याच प्रयोगशाळेतून गेला. तरी जादू फसली. बरं वाटतं अशा वेळी, खोटं कशाला बोला.

गुप्ता आणि कुमार यांचा सगळ्यात गाजलेला पेपर मात्र मार्च २००० चा. त्यात त्यांनी विचारलं की असे बरेच लोक एकमेकांचे निरोप पुढे ढकलत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती वेग येईल. उत्तर निराशाजनक आहे. लोक चौपट झाले की प्रत्येकाचा वाटा निम्म्याहूनही कमी होतो. कारण प्रत्येकजण बराचसा वेळ दुसऱ्यांचीच ओझी वाहत असतो, आणि तो बोलत असताना आजूबाजूचे सगळे गप्प. तेव्हा "टॉवर कशाला, सगळ्यांचे फोनच एकमेकांना जोडून टाकू" अशी आयडिया कुणी स्टार्टअपवाला मित्र रात्री दोनला सांगू लागला (माझा एक आहे), तर त्याला हा पेपर पाठवा.

गिल्बर्टची वर्तुळं आणि हा गोंगाट, दोन्ही एकत्र आणले ते दूस, बाचेली आणि तिरान यांनी, २००३ मध्ये. गोंगाट धरला की नियम उलटा फिरतो. ठिपके वाढवले की आधी जाळं जुळतं, आणि आणखी वाढवले की ते परत तुटू शकतं! एका ठिपक्याला किती शेजारी ऐकू येऊ शकतील यालाच वरून मर्यादा पडते, भोवती हजार असले तरी. मामाच्या गावी पहिली स्थिती, माझ्या फ्लॅटमध्ये दुसरी, समीकरण एकच.

आणि मग २०११ चा निकाल, जो वाचून मी चहा गार केला. जेफ्री अँड्र्यूज, बाचेली आणि राधाकृष्ण गंती यांनी मोबाईल टॉवरच ज्वारीसारखे फेकले. एरवी पुस्तकात टॉवर षटकोनात असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, बेल लॅब्जमधल्या १९४७ च्या टिपणापासून. खऱ्या शहरात टॉवर जागा मिळेल तिथे लागतात, तेव्हा ज्वारीच बरी. सगळे टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत आणि वाऱ्याची घोंघों नगण्य आहे असं धरलं, तर तुमच्या टॉवरचा आवाज बाकी सगळ्या टॉवरच्या एकत्रित गोंगाटापेक्षा मोठा असण्याची शक्यता, शहरासाठी नेहमी धरतात त्या हिशेबाने, ५६ टक्के येते. टॉवर दुप्पट करा, ५६. दहापट करा, ५६. कारण दाट केले की तुमचा टॉवर जवळ येतो तसे शत्रूही त्याच प्रमाणात जवळ येतात. एकच फोटो लहानमोठा करून बघितल्यासारखं. अर्थात एका टॉवरवरची गिऱ्हाइकं कमी होतात, त्यामुळे वेग वाढतो, म्हणजे शहरात टॉवर लावणं फुकट नाही. पण "ऐकू येत नाही" या तक्रारीवर तो उपाय नाही.

हे गृहीतक मामाच्या गावी मोडतं. तिथे गोंगाट नाहीच, तिथे नुसती वाऱ्याची घोंघों आणि लांबवरून येणारा क्षीण आवाज. तिथे एक टॉवर लावला तर ५६ चे सरळ शंभराजवळ जाईल. म्हणजे ज्या एका टॉवरने शहरात ऐकू येण्यात काडीचा फरक पडत नाही, तोच तिथे सगळं बदलून टाकेल. गिऱ्हाइकं मात्र शहरात जास्त, त्यामुळे टॉवर कुठे लागतो हे सांगायला गणित नको.

मी मामाच्या गावाचा हिशेबही केला. सगळ्यात जवळचं गाव ४ किलोमीटरवर. ज्वारीच्या मॉडेलमध्ये इतकं एकटं गाव हजारात सरासरी ०.३४ निघतं, म्हणजे तीन वर्धा जिल्हे मिळून एक. हे मी मामाला फोनवर सांगितलं. (तो पाळीवर होता.) तो म्हणाला, "म्हंजे लॉटरीच लागली म्हण ना आपल्याले."

त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंच. तिसरा ओटीपी शिळा झाल्यावर मामा काही बोलला नाही. फोन खिशात घातला, मोटरसायकल काढली आणि अंधारात शेजारच्या गावी गेला. तिथे टॉवर आहे. त्या मुलाच्या दुकानातच उभा राहिला, चौथा ओटीपी सेकंदात आला, आणि नोंदणी झाली. २००१ मध्ये ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांनी नेमकं हेच सिद्ध केलंय: ठिपके स्वतः हिंडू लागले, निरोप खिशात ठेवून समोरच्याजवळ जाऊन देऊ लागले, आणि उशीर चालत असेल, तर गुप्ता-कुमारांची अडचण सुटते, माणसं वाढली तरी प्रत्येकाचा वाटा घटत नाही. त्याच सुमारास कर्नाटकात डाकनेट नावाने बसवर वायफाय बसवून गावोगावचा डेटा असाच हिंडवलाही होता. उशीर मात्र चालायला हवा. मामा घरी परतला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, आणि मामी जेवायची थांबली होती.